परतीचा पाऊस सरला, लॉन पिवळं पडलंय. आता खत द्यावं का?

पुळणवाट
९ ऑक्टोबर, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यात आंजर्ल्याच्या बाजूला आमचं घर आहे. सासऱ्यांच्या वेळचं कौलारू घर चार वर्षांपूर्वी दुरुस्त केलं आणि आम्ही दोघं पुण्याहून कायमचे इथे राहायला आलो. घराची पुढची बाजू डोंगराच्या पायथ्याला लागून आहे. तिथे दोन गुंठे लॉन आहे, मेक्सिकन गवताचं. खाली कातळ लागला होता म्हणून वरून जांभी माती आणून भरली. मागच्या दारी, समुद्राच्या अंगाला, आणखी गुंठाभर. तिथे मूळची पुळणच (समुद्राची वाळू) आहे आणि तिच्यावर तेच गवत.

यंदा पाऊस लांबला. आता उघडीप आहे आणि दोन्हीकडचं गवत पिवळं, विरळ झालंय. पायाला पूर्वीसारखं मऊ लागत नाही. माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीला असतो. परवा फोनवर म्हणाला, "ताई, वर्षभरात एकदाच खत देणार असशील तर फॉलमध्ये दे." म्हणजे तिकडची थंडी पडण्याआधी. त्याने त्याच्याकडच्या पिशवीचा फोटोही पाठवला, त्यावर ३२-०-१० असे आकडे आहेत.

माडांसाठी आणलेलं युरियाचं पोतं घरात आहे. तेच लॉनवर फोकलं तर चालेल का? किती? आवारात सहा माड, पुढच्या कोपऱ्यात एक जुना हापूस, मागे विहीर. हापूस दोन वर्षं नीट मोहरत नाहीये, पण तो वेगळा विषय झाला.

शिंपण
९ ऑक्टोबर, रात्री १०:०२

बिनधास्त द्या. मी दरवर्षी दसऱ्यानंतर देतो. आठ दिवसांत हिरवंगार होतं.

हडसनकाठी
१० ऑक्टोबर, पहाटे ४:४५

ताई, मीही न्यू जर्सीतच आहे, मूळचा श्रीवर्धनचा. तुमचा भाऊ सांगतो ते इथल्यापुरतं अगदी बरोबर आहे, पण त्यामागचं कारण समजून घ्या, कारण ते कारण आंजर्ल्यात लागू होत नाही.

इथल्या लॉनमध्ये केंटकी ब्ल्यूग्रास, फेस्क्यू, राय अशी थंडीची गवतं असतात. उन्हाळ्यात ती सुस्तावतात आणि सप्टेंबरात हवा गार झाली की जोमाने वाढायला लागतात. वरची वाढ थंडावली तरी जमीन उबदार असल्यामुळे मुळं वाढत राहतात. त्या वेळी दिलेलं नत्र (नायट्रोजन) मुळांत आणि खोडाच्या बुडाशी साठा होऊन राहतं आणि बर्फ वितळल्यावर गवत त्याच साठ्यावर उठतं. फॉलच्या खताचं महत्त्व एवढ्यासाठी.

मेक्सिकन हे उष्ण हवेतलं गवत. त्याचा जोमाचा काळ इथल्या गवताच्या बरोबर उलटा. आपल्याकडे बर्फही नाही आणि दव गोठेल अशी थंडीही नाही, त्यामुळे थंडीसाठी साठा करायचा प्रश्नच येत नाही.

त्या तीन आकड्यांचं सांगतो. पहिला नत्र, दुसरा स्फुरद (फॉस्फरस), तिसरा पालाश (पोटॅश), शेकड्यात. मधला शून्य आहे तो कायद्यामुळे. २०११ मध्ये इथे लॉनच्या खतांवर कायदा झाला. माती तपासून कमतरता दिसल्याशिवाय किंवा नवीन लॉन लावत असल्याशिवाय स्फुरद घालता येत नाही. घरमालकाला १५ नोव्हेंबर ते १ मार्च खत टाकायलाच मनाई आहे. एका वेळी किती नत्र द्यायचं यालाही मर्यादा आहे. आपल्या मापात सांगायचं तर गुंठ्याला साधारण ४४० ग्रॅम नत्राच्या वर नाही. हे सगळं खाडीचं आणि तळ्यांचं पाणी सांभाळण्यासाठी. तुमच्या आवारात विहीर आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं.

सुरूबन
१० ऑक्टोबर, सकाळी ८:१०

अलिबागकडून. आमचं छोटं होमस्टे आहे आणि आमच्या लॉनची अवस्था दर ऑक्टोबरात अशीच होते. युरिया द्यायला हरकत नाही, पण कसा टाकता त्यावर सगळं अवलंबून आहे.

तीन वर्षांपूर्वी मी सकाळी सातला मुठी भरभरून फोकला. गवतावर दव होतं हे लक्षातच घेतलं नाही. ओल्या पात्यांना दाणे चिकटले आणि चार दिवसांत जिथे जिथे मूठ सुटली होती तिथे ताटलीएवढे करपट डाग उठले. पाहुणे विचारायचे, इथे काय सांडलं होतं? डाग भरून यायला दोन महिने लागले. आता मी दुपारी चारनंतर, पाती कोरडी असताना टाकतो. चाळलेल्या कोरड्या रेतीत मिसळून निम्मं उभं आणि निम्मं आडवं फोकायचं आणि लगेच भरपूर पाणी मारायचं. मिसळायचं ते टाकायच्या वेळीच, कारण युरिया हवेतली ओल ओढतो आणि तासाभरात मिश्रणाचा चिकट गोळा होतो.

जांभा_माती
१० ऑक्टोबर, दुपारी १:३५

पुळणवाट ताई, मी दापोलीच्या कृषी विद्यापीठातून शिकलो आणि आता शेती करतो. सविस्तर लिहितो, कारण तुमच्या एका आवारात दोन वेगळ्या जमिनी आहेत आणि त्यांना एकच औषध चालणार नाही.

आधी पिवळेपणा कशाचा ते बघू. दापोलीत चार महिन्यांत तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जांभी माती पाणी धरून ठेवत नाही. नत्र, पालाश, चुना, मॅग्नेशियम हे सगळं त्या पाण्याबरोबर निघून जातं. मागे राहतात लोह आणि ॲल्युमिनियम. मातीचा लाल रंग लोहाचाच आणि तिचा आंबटपणाही याच धुऊन जाण्यातून येतो. म्हणजे आपल्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमारास लॉनला खत द्यायचं ते थंडीच्या तयारीसाठी नाही, पावसाने नेलेलं थोडं भरून काढण्यासाठी. वेळ योगायोगाने न्यू जर्सीच्या जवळपास येते एवढंच.

आता एक काम करा. पुढच्या आणि मागच्या लॉनमधली थोडी पाती उपटून उजेडात धरा. जुनी, खालची पाती आधी आणि सारखी पिवळी झाली असतील तर नत्राची भूक आहे. पण नवी, वरची पाती पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या दिसत असतील तर लोह कमी पडतंय. माझा अंदाज असा की पुढे पहिला प्रकार दिसेल आणि मागे दुसरा. पुळणीत शिंपल्यांचा चुरा असतो, म्हणजे चुनाच. अशा जमिनीत लोह असलं तरी मुळांना घेता येत नाही. जांभ्यावर लोहाची कमतरता सहसा नसते, म्हणून पुढच्या बाजूला हिराकस (लोहाचं सल्फेट) मारायला जाऊ नका.

युरियाबद्दलही तेच. पुढे चालेल. मागे चुनखडीच्या वाळूवर युरिया टाकून पाणी द्यायला उशीर झाला की त्याचा अमोनिया होऊन हवेत जातो. तिथे अमोनियम सल्फेट चांगलं, त्याने जमीन थोडी आंबटही होते. पण हेच अमोनियम सल्फेट पुढे टाकलंत तर आधीच आंबट असलेली माती आणखी आंबट होईल.

आकडे सांगण्याआधी माती तपासून घ्या. विद्यापीठात तपासून मिळते. पुढचा आणि मागचा नमुना वेगळा काढा. आठ-दहा जागी गवताचा थर बाजूला करून चार इंच खोलीपर्यंतची माती घ्या, एकत्र मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हे करत राहा. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरा. खत टाकायच्या आधी काढा, नंतर नाही.

केवडा
१० ऑक्टोबर, दुपारी ४:५०

रासायनिक कशाला? आमच्याकडे गुहागरला शेजारी लॉनवर दर दिवाळीला शेण पसरतात. गोठ्यातलं फुकट मिळतं. ताईंनाही आसपास मिळेलच.

जांभा_माती
१० ऑक्टोबर, संध्याकाळी ६:१५

शेणखताला माझा पूर्ण पाठिंबा आहे, पण ते पुरतं कुजलेलं हवं. हातात घेतलं की भुगा व्हायला हवा आणि शेणाचा वास यायला नको. कच्च्या शेणाने तीन त्रास होतात. त्यातलं गवताचं बी लॉनमध्ये उगवतं. हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि वाळवी येते. आणि ताईंकडे सहा माड आहेत. माडाच्या शेंड्यात शिरणारा गेंड्या भुंगा शेणाच्या ढिगातच अंडी घालतो, त्याच्या जाड पांढऱ्या अळ्या तिथेच वाढतात. माडाखाली कच्चं शेण पसरणं म्हणजे भुंग्याला घर बांधून देणं.

कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत चाळून अर्ध्या सेंटिमीटरहून पातळ थर द्या. पाती वर दिसत राहिली पाहिजेत.

शिंपण
१० ऑक्टोबर, रात्री ८:४०

गेंड्या भुंग्याचं माहीत नव्हतं. आमचा शेणाचा ढीग माडाला लागूनच आहे. उद्या हलवतो.

जांभा_माती
१० ऑक्टोबर, रात्री ९:०५

हलवताना ढीग पूर्ण उलथून बघा. अळ्या सापडल्या तर वेचून मारा. कोंबड्या असतील तर त्या दिवशी सोडा त्यावर.

मांगर
११ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

मी वेंगुर्ल्याकडचा, वय ७१. लॉन मला कळत नाही. आंबा थोडाफार कळतो. सगळे गवताबद्दल बोलताहेत आणि मी मात्र ताईंच्या पहिल्या पोस्टमधल्या शेवटच्या ओळीवर अडकलोय. हापूस दोन वर्षं मोहरत नाही आणि तो वेगळा विषय आहे, असं त्या म्हणतात. मला तो वेगळा वाटत नाही.

ताई, तीन गोष्टी सांगा. लॉन आंब्याच्या किती जवळ आलंय? पाऊस गेल्यावर पाणी कधीपासून सुरू करता? आणि आंबा अजिबात मोहरत नाही, की एका अंगाला मोहरतो?

आमचे वडील पावसाळा संपल्यावर आंब्याखाली कोणाला हात धुवायलासुद्धा देत नसत. कोणी कळशी ओतली की ओरडायचे, "आंब्याक आता पाणी घातलंस तर मोहर खंयसून येतलो?"

पुळणवाट
११ ऑक्टोबर, सकाळी ११:१०

काका, तुमची पोस्ट वाचली आणि उठून अंगणात जाऊन उभी राहिले.

लॉन बुंध्यापर्यंत आहे. ज्या माणसाने लॉन बसवून दिलं त्याने झाडाभोवती विटांचं एक छोटं गोल आळं ठेवलं आणि बाकी सगळीकडे गवत. पाऊस थांबला की चार दिवसांत मी फवारे सुरू करते, रोज संध्याकाळी वीस मिनिटं. गेल्या नोव्हेंबरात १९:१९:१९ हे खतसुद्धा पाण्यातून दिलं होतं.

आणि हो, एकाच अंगाला मोहरतो. गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) बाजूच्या दोन फांद्यांना गेल्या जानेवारीत बऱ्यापैकी मोहर होता. लॉनच्या बाजूला तांबूस कोवळी पालवी फुटली होती. ती पालवी इतकी सुंदर दिसत होती की मी तिचे फोटो काढून बहिणीला पाठवले. झाड खूश आहे असंच मला वाटलं.

सासरे होते तेव्हा या झाडाचे आंबे पेटीने दापोलीला जायचे. आता दोन वर्षं दोन डझनसुद्धा धड झाले नाहीत. झाड म्हातारं झालं असं सगळे म्हणत होते, मीही तेच धरून बसले होते.

मांगर
११ ऑक्टोबर, दुपारी १२:००

झाड म्हातारं झालेलं नाही. त्याला विश्रांती मिळालेली नाही.

जांभा_माती
११ ऑक्टोबर, दुपारी २:२०

काकांनी नेमकं पकडलं. मी लॉनच्या नादात आंब्याकडे दुर्लक्ष केलं.

हापूसची काडी, म्हणजे फांदीच्या टोकाची डहाळी, पावसाळ्यानंतर पक्व होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जमीन सुकून ताण बसला आणि पाठोपाठ थंडी पडली, की त्या काडीच्या डोळ्यातून मोहर निघतो. याच काळात मुळांशी ओल आणि वर नत्र मिळालं, की तोच डोळा पालवी काढतो. म्हणून कोकणात आंब्याची खतं पावसाच्या सुरुवातीला, जूनमध्ये देतात. ऑक्टोबरात सहसा देत नाहीत.

एक सावधगिरीची गोष्ट. हापूस मुळातच एकाआड एक वर्ष धरणारा आहे आणि एका अंगाला मोहर, दुसऱ्या अंगाला पालवी हे पाणी न देताही दिसतं. त्यामुळे सगळा दोष फवाऱ्यावरच आहे असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही सांगितलेली बाजू बरोबर पाण्याचीच निघाली. माझ्याकडे ते झाड असतं तर मी आजच त्या अंगाचा फवारा काढला असता.

किती लांब काढायचा? आंब्याची अन्न घेणारी मुळं फांद्यांच्या घेराच्या कडेपर्यंत आणि त्याहीपुढे जातात. घेराच्या बाहेर निदान पाच-सहा फूट पाणीही नको आणि खतही नको.

माडाचं बरोबर उलटं आहे. त्याला वर्षभर पाणी आणि खत हवं. फळावर आलेल्या माडाला वर्षाला सव्वादोन किलो युरिया, तीन किलो सुपर फॉस्फेट आणि दोन किलो म्युरेट ऑफ पोटॅश. सुपर फॉस्फेट जूनमध्ये एकदम द्यायचं. युरिया-पोटॅश जून, ऑक्टोबर, फेब्रुवारी असं तीन वेळा, म्हणजे आत्ताचा हप्ता पाऊण किलो युरिया आणि त्याहून थोडं कमी पोटॅश. लॉनवर फोकलेल्या खतावर माड जगेल असं समजू नका. बुंध्यापासून पाच-सहा फुटांपर्यंतचं गवत काढून आळं करा आणि त्यात द्या.

हडसनकाठी
१२ ऑक्टोबर, पहाटे ५:२०

आमच्या श्रीवर्धनच्या घरी आता काकू एकट्या असतात आणि तिथेही कोणीतरी आंब्याखाली हिरवळ लावून दिली आहे. आजच त्यांना फोन करतो.

पुळणवाट
१८ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:४५

मातीचे नमुने दिले होते. कागद हातात आला.

पुढची माती: सामू (पीएच) ५.४, सेंद्रिय कर्ब चांगला, स्फुरद कमी, पालाश कमी.
मागची: सामू ८.१, सेंद्रिय कर्ब अगदी कमी, पालाश मध्यम.

पातीही जांभा_माती यांनी सांगितल्याप्रमाणेच निघाली. पुढे खालची पाती पिवळी, मागे नवीन पाती पिवळी आणि शिरा हिरव्या. आता किती आणि कसं ते सांगाल का? आंब्याखालचा साधारण अर्धा गुंठा मी वगळलाय. फवाऱ्याची ती तोटीही बंद केली.

जांभा_माती
१८ ऑक्टोबर, रात्री ९:३०

म्हणजे पुढे दीड गुंठा आणि मागे एक.

पुढे: ८०० ग्रॅम युरिया आणि ६०० ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश, दोन घमेली कोरड्या रेतीत मिसळून. हे चौरस मीटरला साधारण अडीच ग्रॅम नत्र होतं. न्यू जर्सीच्या मर्यादेच्या निम्म्याहून थोडं जास्त. आपल्या मातीत एकदम जास्त टाकण्यात अर्थ नाही, उरलेलं खाली विहिरीकडे जातं. म्युरेट ऑफ पोटॅश स्वस्त पडतं, पण त्यात क्लोराइड असतं. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात गवताला तो भार आधीच आहे, म्हणून सल्फेट सुचवलं.

पुढच्या सामूसाठी चुना लागेल, पण आत्ता नाही. युरिया आणि चुना एकत्र आले की नत्र उडून जातं. तीन आठवडे जाऊ द्या, मग डोलोमाइटची (चुना-मॅग्नेशियमच्या दगडाची) बारीक पूड, दीड गुंठ्याला २२-२३ किलो. कळीचा चुना अजिबात वापरू नका, गवतही जळेल आणि हातही.

मागे: सव्वा किलोच्या आत अमोनियम सल्फेट, दोन हप्त्यांत, पंधरा दिवसांच्या अंतराने. वाळूत एकदम दिलेलं टिकत नाही. विहिरीच्या काठापासून पंधरा फूट मोकळे सोडा. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको, आणि पुळणीतल्या विहिरीला वरून पडलेलं गाळायला काहीच नसतं. हिराकस लिटरला पाच ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारा. लादीवर आणि भिंतीवर उडू देऊ नका, तांबूस डाग पडतात आणि जात नाहीत. मागे खरं औषध गांडूळखत आहे. दर वर्षी पातळ थर दिलात तर दोन-तीन वर्षांत वाळू ओल धरायला लागेल.

वाफसा आला असेल तरच टाका. जमीन चिखलट असेल तर थांबा, पूर्ण सुकली असेल तर आदल्या दिवशी भिजवा. कापलेलं गवत उचलून टाकू नका, बारीक असेल तर तिथेच राहू दे. घेतलेल्या नत्रातला चांगला हिस्सा त्यातूनच परत मिळतो.

सुरूबन
१९ ऑक्टोबर, सकाळी ९:००

आकाशावर नजर ठेवा, ताई. आमच्याकडे ढग आलेत.

पुळणवाट
२४ ऑक्टोबर, रात्री ८:३०

सुरूबन, तुमचे आभार. खत मिसळून तयार करणारच होते आणि तुमची ओळ वाचून थांबले. ऐन दिवाळीत दोन जोराच्या सरी आल्या. टाकलं असतं तर सगळं गडग्यापलीकडच्या भातात गेलं असतं. आधीच शेजाऱ्यांचं कापलेलं भात भिजलं, आम्ही दोघं रात्री त्यांच्याकडे ताडपत्री धरायला गेलो होतो. आज ऊन आहे. अजून तीन-चार दिवस बघते.

एक प्रश्न उरलाय. आंब्याखालचा अर्धा गुंठा पाण्याशिवाय उघडा पडणार. तिथलं गवत डिसेंबरपर्यंत वाळेल आणि घराच्या अगदी तोंडावर ते भकास दिसेल. यांना ते पटत नाहीये. काय करावं?

केवडा
२४ ऑक्टोबर, रात्री ९:४०

खडी टाका, किंवा फरशी.

मांगर
२५ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

फरशी नको, झाडाची मुळं कोंडतील. खडी उन्हात तापते.

ताई, तिथे पूर्वी काय होतं? तुमच्या सासऱ्यांच्या वेळी त्या आंब्याखाली लॉन नक्कीच नव्हतं. खळं असणार. आमच्याकडे अजूनही दिवाळी झाली की खळं करतात. पावसात उगवलेलं गवत खोऱ्याने तासायचं, माती सारखी करायची, पाणी शिंपडून चोपण्याने (जमीन धोपटायच्या लाकडी अवजाराने) चोपायची, सुकली की शेणाने सारवायची. त्याला पाणी लागतं ते सारवण्यापुरतं. थंडीत तिथे बसायला जी मजा येते ती कुठल्याच गवतावर नाही. आमच्याकडे तुळशीच्या लग्नाआधी खळं झालंच पाहिजे असा घरातल्या बायकांचा आग्रह असतो.

पुळणवाट
२५ ऑक्टोबर, सकाळी १०:०५

अंगणच होतं! आम्ही खळं न म्हणता अंगण म्हणतो. जुन्या फोटोत सासूबाई तिथे सुपात काहीतरी निवडत बसलेल्या आहेत आणि मागे तोच आंबा. तुळशीवृंदावनही त्याच बाजूला आहे, आता ते गवताच्या मधोमध उभं आहे. यांना फोटो दाखवला. काही बोलले नाहीत, पण दुपारी खोरं शोधत होते.

जांभा_माती
२५ ऑक्टोबर, दुपारी १:००

कल्पना फार चांगली आहे. फक्त मुळांना जपा. इंचभराहून खोल तासू नका, बुंध्यावर मातीची भर चढवू नका आणि बुंध्याभोवती चार-पाच फूट न चोपता मोकळे ठेवा. तिथे आंब्याचाच पातेरा (वाळलेली पानं) पडू द्या. ते विटांचं आळंही काढून टाका, त्यात पाणी साचून बुंधा कुजतो.

पुळणवाट
१६ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:५०

बरेच दिवसांनी येतेय. काय काय झालं ते सांगते.

२८ ऑक्टोबरला वाफसा आला. दुपारी चारला पुढचं खत टाकलं, उभं-आडवं, आणि लगेच पाणी मारलं. एकही डाग पडला नाही. आठव्या दिवशी रंग बदलायला लागला. भडक हिरवा नाही, पण खालची विरळ जागा भरत आलीय. मागे अमोनियम सल्फेटचे दोन्ही हप्ते झाले, हिराकस एकदा फवारला. मागची बाजू हळू चाललीय, नवी पाती मात्र आता शिरांसकट हिरवी येताहेत. डोलोमाइट आजच टाकलं.

पाण्याचा हिशेबही मांडला. चौरस मीटरला रोज चार-पाच लिटर धरलं तर दोन गुंठ्यांना रोज हजार लिटरच्या आसपास जात होतं. आमची विहीर मार्चमध्ये मचूळ व्हायला लागते आणि मी ते सगळं पाणी गवतावर ओतत होते. आता दिवसाआड देते आणि जानेवारीनंतर पुढचं लॉन वाळू द्यायचं असं ठरवलंय. मेक्सिकन वाळून पिवळं पडलं तरी मुळं धरून राहतं आणि जूनमध्ये परत येतं, असं जांभा_माती यांनी मला निरोपात सांगितलं. तोपर्यंत आणखी खत नाही.

अंगण झालं. शेजारच्या वहिनींनी चोपायला आणि सारवायला शिकवलं, शेणही त्यांच्याच गोठ्यातलं. तुळशीचं लग्न तिथेच लावलं, वाडीतली पंधरा-वीस माणसं आली होती. आंब्याखालची जमीन आता हाताला कोरडी लागते. पानं गडद आणि कडक झालीत, नवी पालवी कुठेही नाही.

मांगर
१६ नोव्हेंबर, रात्री ८:१०

पालवी नाही हे ऐकून बरं वाटलं. आता थंडी पडू दे. डिसेंबरच्या शेवटाला काडीच्या टोकाचे डोळे बघत जा, फुगायला लागले की कळवा. तोपर्यंत मोह झाला तरी पाणी घालू नका.

पुळणवाट
१६ नोव्हेंबर, रात्री ८:४०

नाही घालणार, काका. एक विचारायचं राहिलं. चोपणं आम्ही वहिनींचं मागून आणलं होतं, ते त्यांना परत द्यायचंय. बाजारात कुठे मिळालं नाही.

मांगर
१६ नोव्हेंबर, रात्री ९:००

विकत नका घेऊ. आमच्या मांगरात (शेतावरच्या खोपटात) दोन आहेत, फणसाच्या लाकडाची. पुतण्या पुढच्या आठवड्यात दापोलीला येतोय, त्याच्याबरोबर एक पाठवतो.